एमएस-सीआयटी, सीसीसी प्रमाणपत्राची पडताळणी कशी करावी?

जालना, अंबड, परतूरच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला हे वारंवार दिसते. मुलाने सहा महिने क्लासची फी भरलेली असते, हातात सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र असते. पण ते त्या खासगी क्लासचेच निघते. मुलाखतीत खोटा ठरतो तो मुलगा, क्लासवाला नाही.

म्हणून आधी प्रमाणपत्र कोणी दिले ते वाचावे. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा. परीक्षेचे प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे. सीसीसी 'नायलिट'ची, म्हणजे पूर्वीच्या 'डोएक'ची. 4 फेब्रुवारी 2013 च्या शासन निर्णयानुसार राज्याच्या नोकरभरतीत दोन्ही चालतात. संगणक टायपिंगचे प्रमाणपत्र वेगळे, ते पुण्याची राज्य परीक्षा परिषद देते.

नोकरी देणाऱ्याने नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नये. नाव, आसन क्रमांक, वर्ष संबंधित संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावे. सीसीसी उमेदवाराला डिजिलॉकरमधून दाखवता येते. मूळ प्रमाणपत्र पाहून लगेच परत द्यावे. ते अडकवून ठेवले की मुलगा दुसरीकडे अर्जही करू शकत नाही. पडताळणी सगळ्यांची करावी, आडनाव वाचून निवडक मुलांची नको. दहावीच्या गुणपत्रिकेशी स्पेलिंग जुळत नसेल, तर दुरुस्तीला मुदत द्यावी.