चांदीपुरा मेंदूज्वर व आकडीरोधक औषधे

चांदीपुरा विषाणूमुळे मुख्यतः १५ वर्षांखालील मुलांना होणारा तीव्र मेंदूविकार. एकाएकी चढणारा ताप, उलट्या, आकडी व बेशुद्धी ही प्रमुख लक्षणे. पुष्कळदा २४ ते ४८ तासांत मूल दगावते.

शोध व साथी : पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) पी. एन. भट्ट व एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला. वाहक वाळूमाशी. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. महाराष्ट्रालाही त्या वर्षी झळ बसली. पुढे विदर्भात २००७ मध्ये व गुजरातेत २०२४ मध्ये उद्रेक झाले.

विकृती : मेंदूला सूज येते, मात्र हा खरा दाह की रक्तपुरवठ्यातील बिघाड, याविषयी २००३ नंतर बालरोगतज्ज्ञांत मतभेद झाले.

आकडीवरील उपचार : विषाणूवर खात्रीचे औषध नाही, म्हणून आकडी थांबवणे व मेंदूची सूज उतरवणे यांवरच भर असतो. श्वसनमार्ग मोकळा ठेवून रक्तशर्करा तपासतात. आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास लोराझेपाम किंवा मिडाझोलाम देतात; शीर सापडत नसेल तर मिडाझोलाम नाकात किंवा गालाच्या आत सोडता येते. तरीही न थांबल्यास फेनिटॉइन, दर किलो वजनास २० मिग्रॅ., शिरेतून सावकाश देतात. ते सलाइनमध्येच मिसळावे लागते. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बसतो. भरभर दिल्यास रक्तदाब उतरतो व हृदयाचे ठोके बिघडतात. लेव्हेटिरासिटाम हा पर्याय २०१९ च्या मोठ्या चाचण्यांत सर्वसाधारणपणे तितकाच परिणामकारक ठरला. यकृत बिघडले असल्यास व्हॅल्प्रोएट टाळतात. फेनोबार्बिटोनने गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. सुजेसाठी मॅनिटॉल किंवा तीव्र सलाइन वापरतात.

विषाणूच्या तपासणीसाठी सोलापूरसारख्या ठिकाणाहून नमुना पुण्याच्या संस्थेकडे गेला, तरी अहवाल येईपर्यंत हे उपचार थांबत नाहीत.

घरगुती काळजी : आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे. कांदा वा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये.

प्रतिबंध : भिंतींच्या भेगा लिंपणे, फवारणी, मच्छरदाणी.

लस : वापरात नाही.