थरथरता हात आणि दोन वनस्पती

फळ्यावर लिहिताना ओळीच्या शेवटी माझी अक्षरे बारीक होत जातात, हे प्रथम माझ्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले. "सर, शेवटचे शब्द दिसत नाहीत," असे मागच्या बाकावरील एका मुलाने सांगितले. पुढे मांडीवर स्वस्थ ठेवलेला उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवाताचे निदान करून औषधाची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी तीन महिने खिशातच बाळगली. 'आताच औषध घेतले तर पुढे ते लागू पडणार नाही,' ही कोणाकडून तरी ऐकलेली गोष्ट मनात घर करून बसली होती. त्या तीन महिन्यांत या रोगाचा इतिहास वाचला. तोच आज थोडक्यात सांगतो.

कंपवात हे नाव आयुर्वेदास परिचित आहे. पाश्चात्त्य वैद्यकात लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे, आणि त्यांपैकी काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी रोगास पार्किन्सन यांचे नाव दिले. रोगाला नाव मिळाले. परंतु त्याचे मूळ कारण मात्र पुष्कळ काळ अज्ञातच राहिले.

ते उकलण्यास एका भारतीय वनस्पतीचे साहाय्य झाले. सर्पगंधेच्या मुळांतून १९५२ साली रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ते निश्चल झाले. मग त्यांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. हे १९५७ सालचे. शरीरात लेव्होडोपापासून डोपामाइन बनते, आणि मेंदूला हालचालींचे नियमन करण्यासाठी हेच द्रव्य लागते. १९६० साली व्हिएन्नाचे एरिंगर व हॉर्निकिविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांत हालचालींशी संबंधित भागात डोपामाइन फारच कमी आढळले. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा टोचण्यात आले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. परंतु हा गुण काही तासच टिकला.

तोंडाने औषध द्यावे, तर थोडे पुरत नसे आणि एकदम अधिक दिले तर मळमळ होई. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मात्रा अगदी हळूहळू वाढवत नेली, आणि दीर्घकाळ टिकणारा गुण प्रथमच दिसला. पुढे त्यास कार्बिडोपाची जोड मिळाली. त्यामुळे औषध मेंदूत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडेनासे झाले व मळमळही कमी झाली.

आणि दुसरी वनस्पती? ती आपल्या रानातली खाजकुइली. तिच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली दाखवून दिले होते. म्हणून कोणी घरीच बिया कुटून खाऊ नयेत. प्रत्येक बीमधील मात्रा सारखी नसते, आणि या औषधात सारे काही मात्रेवरच अवलंबून असते.

हे औषध रोग समूळ नाहीसा करीत नाही. काही वर्षांनी त्याचा गुण लवकर ओसरू लागतो. कित्येकांना अनैच्छिक हालचालींचा त्रासही होतो. माझी भीती यातूनच उपजली होती. परंतु नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना औषध लगेच दिले, निम्म्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांअखेर दोन्ही गटांच्या रोगात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे लवकर घेतल्याने रोग थांबला नाही, तसा बळावलाही नाही. तेव्हा औषध केव्हा सुरू करावे, याचा निर्णय आपली कामे किती अडतात हे पाहून डॉक्टरांच्या विचारानेच करावा.

माझे काम फळ्यावरचे. चौथ्या महिन्यात मी चिठ्ठी खिशातून काढली. पहिले काही दिवस मळमळले. मात्रा सावकाश वाढवली. हात अजूनही अधूनमधून थरथरतो. पण परवा त्याच मुलाला मी विचारले, तेव्हा त्याने ओळीचा शेवटचा शब्द मोठ्याने वाचून दाखवला.