पालक-प्राध्यापक

महाविद्यालयातील ठरावीक विद्यार्थ्यांचा अभ्यास, हजेरी आणि अडीअडचणी यांकडे लक्ष देण्यासाठी नेमलेला अध्यापक. पुणे परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्याला ‘जीएफएम’, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर म्हणतात. इतरत्र ‘टीजी’ (टीचर गार्डियन) किंवा ‘मेंटॉर’ हे शब्द रुळले आहेत.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची ट्यूटर परंपरा या पद्धतीहून जुनी. अमेरिकेत ओहायोच्या केनियन कॉलेजात 1841 च्या सुमारास प्रत्येक विद्यार्थ्याने अध्यापकांतून आपला एक सल्लागार निवडावा असा नियम झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रदरफोर्ड हेझ तेव्हा तिथे शिकत होते आणि त्यांनी तो लिहून ठेवला आहे. निवड विद्यार्थ्याची, हे त्यातले मर्म. आपल्याकडे बहुधा रोल नंबरांचे गट पाडून वाटणी होते.

भारतात 1994 साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ने, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, महाविद्यालयांच्या मूल्यांकनात मेंटॉरमागे विद्यार्थी किती, हे विचारायला सुरुवात केल्यावर मेंटॉर-फाइल घरोघरी, म्हणजे विभागोविभागी पोचली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात नवागतांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आहे. त्यात सुमारे 20 विद्यार्थ्यांच्या गटाला एक अध्यापक, अशी रचना आहे.

हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की नोटीस बोर्डावर डिफॉल्टर यादी लागते, जीएफएम घरी फोन करतात, सबमिशनच्या आठवड्यात पालक हमीपत्रावर सही करायला येतात. मुलांच्या लेखी ते ‘घरी फोन करणारे सर’ एवढेच उरतात. ही योजनेची सर्वांत मोठी हानी आहे. कारण बारावीपर्यंत तालुक्याच्या गावी शिकलेला मुलगा वर्गात यायचा थांबतो, त्यामागे कधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकलेला शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, कधी मेसचे थकलेले बिल, कधी इंग्रजीतून न उमगलेले गणित. अर्जात कोणता दाखला कमी आहे हे पाहून कार्यालयात त्याच्यासोबत जाणारा अध्यापक त्याचे वर्ष वाचवू शकतो. ‘का आला नाहीस?’ याआधी ‘जेवलास का?’ असे विचारणारे अध्यापक आहेत, आणि मुले दार लोटून त्यांच्याच केबिनमध्ये शिरतात.

मानसिक ताणाचे निदान हे त्यांचे काम नव्हे, ते समुपदेशकाचे. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या जुलैत दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विशेषतः परीक्षेच्या काळात, लहान गटांना मेंटॉर किंवा समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे.

अनेक ठिकाणी वर्ष बदलले की जीएफएम बदलतात. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यासमोर पुन्हा तोच कोरा फॉर्म येतो: वडिलांचा व्यवसाय, बारावीचे गुण, घरचा फोन नंबर.