बारा नंबरची होडी

युद्धात घर सुटलेल्या मुलांच्या कादंबऱ्या इंग्रजीत पुष्कळ निघतात. आमच्या घरातल्या कॉलेजच्या मुली त्या वाचतात आणि माझ्याकडे सरकवतात. त्यातलीच एक सुझन हूड यांची ‘लाइफबोट १२’. त्यातल्या आगबोटीचं नाव वाचून मी थबकलेच. ‘सिटी ऑफ बनारस’!

गोष्ट खरी आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रोज बाँब पडत होते. मुलं तरी वाचावीत म्हणून आईबापांनी काळजावर दगड ठेवून त्यांना सरकारी योजनेतून कॅनडाला पाठवलं. तेरा तारखेला लिव्हरपूलहून अशी ९० मुलं निघाली. घरी सगळं रेशनवर, आणि इथं फेटेवाले हिंदी नोकर आइस्क्रीम वाढतायत! मुलं हरखून गेली होती. सतरा तारखेच्या रात्री जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. अर्ध्या तासात सगळं पाण्याखाली. ९० पैकी ७७ मुलं गेली. त्यात एकाच घरची पाच भावंडं होती.

दोन मुली उलट्या झालेल्या होडीच्या कण्याला रात्रभर धरून राहिल्या आणि वाचल्या. त्या बोटांत एवढं बळ कुठून आलं असेल, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी युद्धनौका आली, सापडले तेवढे उचलून गेली. बारा नंबरची होडी मात्र राहून गेली. तिच्यात ४६ माणसं, त्यांत सहा मुलगे आणि एकच बाई. तिचं नाव मेरी कॉर्निश. संगीत शिकवणारी, चाळिशीतली. अंगावर साधे कपडे. मुलांचे गारठलेले पाय ती चोळत बसायची आणि हेरांच्या गोष्टी रचून सांगायची. ऐन रंगात आलं की थांबायची, म्हणजे उद्यापर्यंत पोरं जीव धरून राहतील! पोरांना जेवायला बसवणाऱ्या कुठल्याही बाईला ही युक्ती ठाऊक असते. खायला कडक बिस्किटावर एक मासळी, प्यायला घोटभर पाणी. चहूकडे पाणीच पाणी, आणि तोंडाला कोरड. आठव्या दिवशी विमानाला होडी दिसली. तोवर त्या सहा घरांत मुलं गेल्याचं कळवून झालेलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट इंग्रजीत पुष्कळदा सांगून झाली आहे. पण त्या होडीत निम्म्याहून जास्त माणसं आपल्याकडची होती. हिंदी खलाशी. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगार, अंगात पातळ सुती कपडे, आणि उत्तर अटलांटिकची थंडी. बुडालेल्या बोटीवरच्या अशा कितीतरी जणांना गारठ्यानंच मारलं. वाचलेल्या मुलांनी मोठेपणी मुलाखती दिल्या, त्यांच्यावर पुस्तकं झाली. या खलाशांना कुणी विचारलं? त्यांच्याही घरी कुणी वाट बघत असणारच. त्या बाईला निरोप किती दिवसांनी पोचला, तो कुणी वाचून दाखवला, त्यावर कादंबरी निघाली तर मी आधी घेईन.

समुद्रात गेलेल्यांना कबर नसते. दुसऱ्या महायुद्धात असे गेलेले हिंदी खलाशी हजारोंनी आहेत. त्यांची नावं एका वहीत लिहिली आहेत. ती मुंबईला मशीद बंदराजवळ, खलाशांच्या वसतिगृहात असते. तिचीच दुसरी प्रत चितगावला आहे.