भिंतीवरचे दोन पांढरे

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुडाची भिंत शेणमातीने सारवून तिला गेरू देतात. लग्नघरी वारली सुवासिनी तिच्यावर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. पक्क्या भिंतीला चुन्याची सफेदी देतात. हे दोन्ही पांढरे ओले असताना फिके दिसतात आणि वाळले की उजळतात. असे का होते?

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना वळतो व काही अंशी परततो. दोघांच्या अपवर्तनांकांत जितका फरक, तितका प्रकाश अधिक विखुरतो आणि भिंत पांढरी दिसते. पिठाचा अपवर्तनांक सुमारे 1.5, पाण्याचा 1.33 व हवेचा 1. म्हणून कणांमधले पाणी जाऊन तेथे हवा आली की रेघ उठून दिसते.

जवसाच्या तेलाचा अपवर्तनांकही 1.5 च्या जवळपास. त्यामुळे पीठ किंवा खडू तेलात कालवला तर पांढरेपणा जवळजवळ नाहीसा होतो. तैलरंगाला अधिक अपवर्तनांकाचा पदार्थ लागे. युरोपात शतकानुशतके ते काम शिशाच्या सफेद्याने केले. त्याचा अंक सुमारे 2. पण शिसे विषारी. रंगाऱ्यांना पोटशूळ होई, हात लुळे पडत. 1840 च्या दशकात पॅरिसमधील रंगकाम करणारे लक्लेर यांनी जस्ताचा सफेदा प्रचारात आणला. दोन्ही सफेदे दिसायला सारखे. तरीही शिसे लगेच हटले नाही, कारण त्याचा थर अधिक झाकणारा होता. 1921 मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंदी घालणारा करार केला. पुढे टायटॅनियम डायऑक्साइडने हा प्रश्न सोडवला. त्याचा अंक 2.5 हून अधिक, आणि त्यात शिशाचे विष नाही.

शिसे केवळ पांढऱ्या रंगातच नसे. काही पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांत आणि रंग लवकर वाळवणाऱ्या द्रव्यांतही ते असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये निघाले. त्याआधीचे थर मात्र जुन्या दारे-खिडक्यांवर असू शकतात. ते कोरडे घासले तर धूळ उडते, आणि शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो.

तेव्हा वर्गासाठी दोन फिक्या छटांतून एक निवडताना आपण आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे, आणि खालचा जुना थर कसा काढणार?