डार्विनचा दाब, क्वीन्सलँडची गुरं

ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये मांसासाठी गुरं पाळणाऱ्याचा पाऊस एप्रिलपर्यंत आटोपतो. पुढचे सहा महिने रानात उभ्या असलेल्या गवतावर काढायचे. गवत संपलं आणि पावसाने ओढ दिली, की सगळेच रोडावलेली जनावरं बाजारात आणतात आणि भाव कोसळतो. म्हणून आधीच विकावीत. पण कधी आणि किती?

या प्रश्नाला उपयोगी पडलेल्या आकड्याची कल्पना जन्मली सिमल्यात, आणि तीही भलत्याच कामासाठी. १८९९च्या मान्सूनने वेधशाळेला साफ तोंडघशी पाडलं होतं. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हिंदुस्थानातल्या वेधशाळांचे प्रमुख झाले. हे केंब्रिजचे गणिती. बूमरँग फेकण्याच्या नादापायी तिथे ‘बूमरँग वॉकर’ म्हणून ओळखले जात. त्यांनी जगभरच्या नोंदींचं गणित मांडलं, तेव्हा दिसलं की पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो. हेच ‘दक्षिणी दोलन’. मान्सूनचं भाकीत काही त्यातून मनासारखं साधलं नाही.

तिकडे क्वीन्सलँडमध्ये इनिगो जोन्स यांची चलती होती. सूर्यावरचे डाग आणि ग्रहांच्या फेऱ्यांवरून ते पाऊस सांगत. शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली, तरी कुरणवाल्यांचा त्यांच्यावर भरवसा होता. तो का नसावा? दुसरं सांगणारं होतं कोण?

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने तीन महिन्यांचा अंदाज द्यायला सुरुवात केली. आधार होता त्याच दक्षिणी दोलनाच्या आकड्याचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या ताहिती आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विन इथल्या दाबांतल्या फरकाचा. हा आकडा बराच काळ उणे राहिला, की एल निनोची, म्हणजे इथे कोरड्या वर्षाची, धास्ती. १९९६ मध्ये रॉजर स्टोन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चढउताराच्या पाच अवस्था ठरवल्या. आजच्यासारखी अवस्था पूर्वी होती तेव्हा आपल्या गावी किती पाऊस झाला, हे जुन्या नोंदींतून पाहायचं आणि त्यावरून शक्यता काढायची.

गोची अशी की एप्रिल-मेमध्ये, गवत मोजून निर्णय घ्यायच्या नेमक्या वेळी, हा आकडा जवळपास मुका असतो. ऑक्टोबरात तो बोलतो, तेव्हा गवत सरत आलेलं असतं.

चार्टर्स टॉवर्सजवळ वॅम्बियाना इथे १९९७ पासून गुरं किती ठेवायची याच्या वेगवेगळ्या पद्धतींची परीक्षा चालली. एका पद्धतीत गुरांची संख्या दर नोव्हेंबरला, गवत आणि हा आकडा पाहून ठरवली जाई. सुरुवातीच्या ओल्या वर्षांत गुरं वाढवली, कमाई झाली. मग २००१ च्या सुमारास कोरडी वर्षं आली आणि गुरं झपाट्याने कमी करावी लागली. तोवर कुरणाला इजा झालीच होती.