टोपी, ध्वज आणि आठवण

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक सरकारी कचेरीत जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर बदलण्याचे काम करतो आणि मूळ कागद भट्टीत जातो. बदललेले तेच खरे, असे प्रजेने मनापासून मानावे, ही तेथील सत्तेची अपेक्षा! आठवण ताब्यात आली की मन जिंकण्यास निराळी फौज लागत नाही.

या विद्येचे पहिले पाठ सोलापुराने ती कादंबरी निघण्यापूर्वी एकोणीस वर्षे पाहिले. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर खवळले. ८ मे रोजी गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. १२ मे ते ३० जूनपर्यंत येथे मार्शल लॉ होता. त्या अमलात राष्ट्रध्वज मिरविणे हा गुन्हा ठरला व गांधी टोपीवरही बंदी आली. वस्तुतः टोपी म्हणजे वीतभर खादी. परंतु रस्त्याने जाणाऱ्याला ती शेजाऱ्याच्या डोक्यावर दिसली की, 'आपण एकटे नाही' हे त्यास आठवे. सरकारचा राग त्या आठवणीवर होता.

पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. दप्तरात ते खुनी म्हणून नोंदले गेले. गावाने त्यांना हुतात्मे म्हटले. दप्तराहून गावाची जीभ टिकाऊ ठरली. आज त्यांचे पुतळे भर चौकात उभे आहेत.

तथापि येथे आम्हांस स्वतःलाही एक प्रश्न विचारावा लागतो. त्या दंगलीत पोलीस शिपाईही मारले गेले. तेही कोणाचे तरी मुलगे होते. जयंतीच्या भाषणांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारे कार्यकर्ते होते, हेही किती तरुणांस ठाऊक आहे? चार नावे एका दमात म्हणावयाची आणि माणसे विसरावयाची, ही आमची आम्हीच पेटविलेली भट्टी होय. तिला हुकूमशहा लागत नाही. आळस व सोयीचा अभिमान एवढे सरपण पुरते.

कामगार संघटनेत आम्ही एक शिस्त शिकलो. सभेच्या वहीत जिंकलेला संप लिहावयाचा, तसाच हरलेलाही; कोण फुटला, कोठे आपण चुकलो, तेही. पान फाडू पाहणारा नेता कितीही लाडका असो, त्याच्या हाती वही द्यावयाची नाही. सोलापुरातील गिरण्यांचे भोंगे आता थांबले. त्या काळच्या गोष्टी सांगणारे म्हातारे अजून काही घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि गैरसोयीचे असेल तेही उतरवून घ्या. उद्या कोणी इतिहास बदलू लागला, तर त्याच्यापुढे ठेवण्यास आपल्याजवळ अखंड वही असली पाहिजे.